फवाऱ्याच्या तुषारांतून होणारा न्यूमोनिया



गळीत हंगाम संपला की कारखान्यात साफसफाईची कामे निघतात. स्प्रे पाँड उपसतात, कूलिंग टॉवर, टाक्या, पाइप धुतात. या कामावर आपल्याच गावची पोरे असतात. म्हणून या वेळी ऊस बाजूला ठेवून, पाण्याच्या तुषारांतून होणाऱ्या एका आजाराची माहिती देत आहे. त्याचे नाव लिजनेअर रोग.

नाव कसे पडले?

जुलै १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन एका मोठ्या हॉटेलात भरले. घरी परतलेली माणसे तापाने आणि न्यूमोनियाने अंथरुणाला खिळू लागली. एकूण २२१ जण आजारी पडले, ३४ दगावले. त्यांत काही जण हॉटेलात न शिरता नुसते समोरच्या रस्त्याने गेलेले होते. अन्नातून विषबाधा म्हणावी, तर ते तिथे जेवलेच नव्हते. जानेवारी १९७७ मध्ये मॅकडेड आणि शेपर्ड या शास्त्रज्ञांनी याचा जंतू शोधून काढला. त्याला 'लिजनेला' नाव मिळाले.

जंतू वाढतो कुठे?

नदी, ओढा, माती यांत हा जंतू थोडाफार असतोच. तेवढ्याने सहसा काही बिघडत नाही. पण पाणी कोमट असले आणि साचून राहिले की तो फोफावतो. २० ते ४५ अंश सेल्सिअस उष्णता त्याला मानवते, ३५ च्या आसपास तर जोर धरतो. ६० अंशांच्या वर तो टिकत नाही.

ठिबकच्या लॅटरलमध्ये बुळबुळीत थर साचतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. तसाच थर टाकी, पाइप आणि टॉवरमध्ये धरतो. त्या थरात अमिबा नावाचे सूक्ष्म जीव राहतात. ते इतर जंतू खाऊन जगतात, पण लिजनेला त्यांना पचत नाही, उलट त्यांच्याच पोटात वाढतो. थराच्या आत क्लोरीनही नीट पोचत नाही. साखर कारखान्यात कंडेन्सरचे पाणी गरम येते, त्यात रसाचा अंश आला की थर लवकर धरतो. म्हणून या पाण्यावर सतत लक्ष लागते.

अंगात शिरतो कसा?

जंतू असलेल्या पाण्याचे बारीक तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेले म्हणजे रोग होतो. पाणी पिऊन सहसा होत नाही, मात्र ठसका लागून पाणी श्वासनलिकेत गेल्यास होऊ शकतो. रोग्याजवळ बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने तो पसरत नाही. तेव्हा रोग्याला वाळीत टाकू नये. फुप्फुसातल्या ज्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, त्यांच्याही पोटात हा जंतू अमिबासारखाच वाढतो. तिथेच खरा घात होतो.

तुषार किती लांब जातात? फ्रान्समध्ये २००३-०४ साली एका रासायनिक कारखान्याच्या कूलिंग टॉवरमुळे ८६ जणांना लागण झाली, १८ दगावले. रोगी सहा किलोमीटरपर्यंतच्या गावांत सापडले. टॉवर जोराच्या पाण्याने धुताना जंतू हवेत उडाले, असे तपासात दिसले. म्हणजे साफसफाई हवीच, पण ती रीतीने हवी.

या जंतूची एक जात कंपोस्ट आणि कुंडीच्या मातीतूनही माणसाला बाधते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये असे रोगी आढळले आहेत.

लक्षणे आणि उपाय

लागण झाल्यावर बहुधा २ ते १० दिवसांत, क्वचित त्याहून उशिरा, थंडी वाजून जोराचा ताप येतो. कोरडा खोकला, अंगदुखी, डोकेदुखी, दम लागणे, कधी जुलाब, कधी बरळणे अशी लक्षणे दिसतात. पन्नाशी उलटलेले, विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेह वा दम्यासारखा जुना विकार असलेले यांना धोका जास्त. पेनिसिलिनसारखी औषधे इथे लागू पडत नाहीत, कारण जंतू पेशीच्या आत लपलेला असतो. त्यावर वेगळी प्रतिजैविके आहेत. ती डॉक्टरांनीच द्यायची. उशीर झाला तर जीव जातो.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. टॉवर वा स्प्रे पाँड धुण्याआधी पाण्याला क्लोरीनची प्रक्रिया झाली आहे का, हे विचारून घ्यावे. कामावर नाकातोंडाला योग्य मास्क लावावा, नुसता पंचा पुरत नाही.
२. ऊसतोड मजुरांच्या कोप्या स्प्रे पाँडच्या वाऱ्याखाली नसाव्यात. पोरांना फवाऱ्याखाली खेळू देऊ नये.
३. कंपोस्ट हलवताना आधी पाणी शिंपडून धूळ बसवावी, नाक झाकावे, नंतर साबणाने हात धुवावेत.
४. घरची टाकी गाळ साचण्याआधी धुवावी. बरेच दिवस बंद असलेला शॉवर आधी पाणी सोडून, बाजूला उभे राहून वाहू द्यावा.
५. असे काम केल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, तर "मी टॉवर धुतला होता" हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. लघवीच्या तपासणीतून बहुतेक वेळा हा रोग ओळखता येतो, पण तशी तपासणी करावी हे डॉक्टरांना सुचले पाहिजे. त्यासाठी आपले ते एक वाक्य फार मोलाचे आहे.

हा मजकूर घरातल्या, विशेषतः कारखान्यात कामाला जाणाऱ्या मंडळींना वाचून दाखवावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी