गाळ-आच्छादन
गाळ-आच्छादन ही जलाशयाच्या तळाशी साचलेला प्रदूषित गाळ न उपसता वाळूच्या थराने झाकण्याची पद्धत आहे. आच्छादनाच्या भाराने मऊ गाळ दबतो, कणांमधील पाणी वर ढकलले जाते आणि त्यासोबत विरघळलेली प्रदूषके आच्छादनात शिरतात. दबण्याचा वेग मंदावल्यावर ती मुख्यतः विसरणाने सरकतात. त्यामुळे केवळ विसरण गृहीत धरल्यास आच्छादनाच्या टिकाऊपणाचा अंदाज चुकू शकतो. वाळूत मिसळलेला सक्रिय कोळसा अनेक सेंद्रिय प्रदूषके धरून ठेवतो.

प्रदूषित गाळाचे उदाहरण पालघर जिल्ह्यातील कळंब किनाऱ्याच्या दक्षिणेस आढळते. तेथे वसईच्या खाडीतून समुद्रास मिळणाऱ्या उल्हास नदीच्या खाडीक्षेत्रातील गाळात औद्योगिक सांडपाण्यातून आलेला पारा आढळला आहे. अशा भरती-ओहोटीच्या क्षेत्रात आच्छादनाची झीजही विचारात घ्यावी लागते.