इंजिन बांधताना पिस्टनचा बाण पाहिला का?

मोटारीच्या सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला, इंजिन ऑइल वरचेवर कमी होऊ लागले, की 'इंजिन बांधावे लागेल' असे गॅरेजमधून सांगितले जाते. नवे पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग यांचे बिल मोठे होते. मात्र हे भाग नीट बसविले गेले नाहीत, तर तो खर्च वाया जाण्यास वेळ लागत नाही.

पिस्टनची वर-खाली हालचाल कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँकशाफ्टला फिरविते. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल, तर प्रत्येक पिस्टन सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो. एवढ्या ओढाताणीत जुळणीतील लहानशी चूकही खपत नाही.

पिस्टनच्या माथ्यावर बाण किंवा खाच असते. बहुतेक इंजिनांत ही खूण इंजिनाच्या पुढच्या, म्हणजे टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूस ठेवावी लागते. अनेक पिस्टनमधील पिन मध्यापासून किंचित सरकलेली असते. असा पिस्टन उलटा बसला, तर इंजिन खडखडते. काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याचाही धोका असतो.

कनेक्टिंग रॉड आणि त्याची खालची कॅप ही कायमची जोडी होय. दोन्ही एकत्र जोडूनच कारखान्यात त्यांचे भोक अचूक गोल केलेले असते. कॅपची अदलाबदल झाली किंवा ती उलटी लागली, तर ही गोलाई बिघडते आणि बेअरिंग जळते. त्यामुळे इंजिन उघडतानाच प्रत्येक जोडीवर क्रमांक टाकणे आवश्यक ठरते.

रिंग पिस्टनवर चढविण्यापूर्वी ती सिलिंडरमध्ये ठेवून टोकांमधील फट फिलर गेजने मोजतात. ७५ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये वरच्या रिंगेची फट साधारणपणे पाव मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतून घ्यावा. फट फार कमी असल्यास रिंग तापून फुगते, तिची टोके एकमेकांना भिडतात आणि सिलिंडरवर ओरखडे उठतात. फट जास्त असल्यास दाब निसटतो. सर्व रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ न देणेही तितकेच महत्त्वाचे.

पिस्टन आत सारताना रिंगा कॉम्प्रेसरने आवळतात आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोकतात. पिस्टन अडला, तर तेथेच थांबावे. जोर केल्यास रिंग तुटते. रॉडचे बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचनेच आवळावेत. अनेक आधुनिक इंजिनांत हे बोल्ट एकदाच वापरण्याजोगे असतात. प्रत्येक पिस्टन बसल्यावर क्रँकशाफ्ट हाताने फिरवून पाहिल्यास अडथळा वेळीच लक्षात येतो.

वाहनमालकाला हे काम स्वतः करायचे नसते. तथापि, गाडी ताब्यात देण्यापूर्वी तीन प्रश्न त्याने जरूर विचारावेत: रिंगांची फट मोजणार का, रॉडच्या जोड्यांवर खुणा करणार का आणि टॉर्क रेंच आहे का? उत्तरे टाळली गेली, तर दुसरे गॅरेज पाहिलेले बरे.