पायवाटेने धावू या

आपल्याला धावता येत नाही, असं कोणी म्हणेल का? गाय दावं तोडून पळाली, की आपण तिच्यामागे धावतो. एस.टी. सुटायला लागली, की धावतो. खळ्यावर धान्य पसरलेलं असताना पाऊस आला, तर आजीबाईसुद्धा धावतात. मग यात शिकायचं ते काय? पण गायीमागे आपण मिनिटभर धावतो आणि मग धापा टाकत बसतो. दगडधोंड्यांच्या वाटेने अर्धा तास, न पडता धावणं ही गोष्ट वेगळी आहे.

गावोगावची मुलं पोलीस भरतीची तयारी करतात. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. पुष्कळ मुलं पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर धावतात. रस्ता सपाट, म्हणून तो बरा वाटतो. पण त्याच रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर आणि मालाचे ट्रक जातात. चालकाच्या डोळ्यांवर झोप असते. अंधारात काळ्या कपड्यांतलं पोरगं त्याला दिसत नाही. अशाने जीव गेले आहेत. तुमच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांना शिवारातली वाट दाखवा. आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही निघा.

बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. लहानपणी त्यांची शाळा घरापासून ६ किलोमीटर दूर होती. ती वाट ते कधी चालत, कधी धावत जात. पुढे ते सैन्यात गेले. अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीत त्यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमला रौप्यपदक मिळवलं आणि २०२३ साली आशियाई खेळांत सुवर्णपदक. या शर्यतीत २८ अडथळे असतात आणि ७ वेळा पाण्यावरून उडी घ्यावी लागते. ओढे आणि बांध ओलांडणाऱ्या माणसाला ही शर्यत परकी वाटू नये!

आता सुरुवात कशी करायची ते पाहू. पहिल्या दिवशी धावायचंच नाही. ती वाट नुसती चालून या. खड्डा कुठे, काटेरी कुंपण कुठे, कुत्री कोणाच्या वस्तीवर, हे पाहून ठेवा. दुसऱ्या खेपेस एक मिनिट सावकाश धावा आणि दोन मिनिटं चाला. असं वीस मिनिटं करा. धावता धावता सोबत्याशी बोलता आलं पाहिजे. बोलताना दम लागला, तर वेग जास्त आहे असं समजा. आठवड्यातून तीनच दिवस धावा, मधे एकेक दिवस सोडा. आपला दम लवकर वाढतो, पण हाडं आणि शिरा बळकट व्हायला महिने लागतात. घाई केली, की नडगी दुखू लागते. तरणी पोरं इथेच चुकतात. भरती महिन्यावर आली, की रोज दहा किलोमीटर पळतात आणि ऐन भरतीच्या दिवशी लंगडतात.

पायवाटेवर पावलं लहान टाका. नजर पायाशी नको, आठ-दहा फूट पुढे ठेवा. पाय कुठे टाकायचा, हे डोळ्यांनी आधी ठरवलेलं असावं. चढ आला, तर खुशाल चाला. त्यात कमीपणा नाही. डोंगरातल्या शर्यतींत पट्टीचे धावपटूही चढाला चालतात. खरी परीक्षा उताराची. उतारावर आपण मागे रेलतो, टाच रोवतो आणि मुरुमावरून घसरतो. त्यापेक्षा गुडघे थोडे वाकवा, हात बाजूला मोकळे ठेवा आणि भराभर लहान पावलं टाका. गाडीवाटेने जाताना चाकोरीत धावू नका, मधल्या उंचवट्यावरून धावा. चाकोरीत घोटा मुरगळतो. माझा मुरगळला होता, म्हणून सांगतो.

बूट महाग नको, पण तळ खरबरीत हवा. पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी असू द्या, नाहीतर उतारावर नख काळं पडतं. चपला घालून धावू नये. २०१४ साली बारामतीच्या शर्यतीत साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. पतीच्या उपचारांसाठी पैसे हवे होते, म्हणून त्या धावल्या. त्यांचं धैर्य घ्यावं. अनवाणी पायांचं अनुकरण मात्र करू नये.

पावसाळ्यात काळ्या रानात जाऊच नका. चिखल बुटाला असा चिकटतो, की पाय पायलीएवढे होतात. कोकणात ओल्या कातळावर शेवाळ असतं, तिथे चालावंच. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत परत या. डोकं गरगरलं, मळमळलं, की थांबा, सावलीत बसा आणि पाणी प्या. उजाडल्यावरच निघा, म्हणजे साप दिसतो. तरीही चावलाच, तर जखम कापू नका, करकचून बांधू नका. पाय न हलवता माणसाला दवाखान्यात न्या; १०८ नंबरला फोन करा.

मेंढपाळाची कुत्री अंगावर आली, तर पळू नका. थांबा आणि सावकाश चाला. दुसऱ्याच्या बांधावरून जायचं, तर आधी विचारा. कवाड जसं होतं तसं लावा. नाहीतर गुरं पिकात शिरतील आणि तुमच्या धावण्याचं भांडण चावडीवर जाईल. घरी सांगून निघा, कोणत्या वाटेने चाललो ते. शक्यतो दोघं मिळून जा. बायकांनी तर दोघीतिघींनी जावं. छातीत दुखत असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि पाय मुरगळलाच तर? आपल्याकडे लगेच तेल लावून चोळतात. ते करू नका, सूज वाढते. गार पाण्याची पट्टी ठेवा, पाय उशीवर उंच ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील, तर हाड मोडलेलं असू शकतं. मग घरी थांबू नका, दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढा.