टेलिफोटो भिंग
टेलिफोटो भिंग : दूरच्या वस्तूची मोठी प्रतिमा देणारे, केंद्रांतरापेक्षा कमी लांबीचे छायाचित्रण भिंग. यात पुढे अभिसारी व मागे अपसारी भिंगसमूह असतो. पक्षी व वन्य प्राणी यांच्या छायाचित्रणात ते अपरिहार्य असले, तरी त्याच्या वर्धनाविषयी पुष्कळदा अवास्तव कल्पना आढळतात. १० मी. अंतरावरील १५ सेंमी. लांबीच्या पक्ष्याची ४०० मिमी. केंद्रांतराच्या भिंगाने मिळणारी प्रतिमा जेमतेम ६ मिमी. भरते, ३६ मिमी. रुंद चौकटीचा हा सहावा भाग होय. म्हणून लहान पक्ष्यांसाठी अधिक केंद्रांतराच्या भिंगापेक्षा लपणात स्थिर बसणेच फलदायी ठरते.

केंद्रांतराबरोबर हाताचा कंपही वर्धित होतो. हाती धरलेल्या ५०० मिमी. भिंगासाठी उद्भासन काल १/५०० सेकंदापेक्षा जास्त नसावा, असा संकेत आहे. उडत्या पक्ष्यासाठी तो याहूनही कमी लागतो. त्यासाठी मोठे छिद्र हवे. परंतु ४०० मिमी. भिंगाला एफ/४ छिद्र द्यावयाचे, तर पुढील भिंगाचा व्यास निदान १० सेंमी. लागतो व वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. तापलेल्या जमिनीवरील हवेच्या लहरींनी येणारी अस्पष्टता तर कोणतेच भिंग टाळू शकत नाही. याकरिता सकाळची वेळ निवडतात. घरट्यापाशी मात्र मोठ्या केंद्रांतराच्या भिंगाने दुरूनच चित्रण करावे. माणसाच्या सान्निध्याने पक्षी उठून गेल्यास अंडी व पिले उन्हात आणि कावळ्यांसमोर उघडी पडतात.