नारू गेला, आता पाणी जपू या



तुम्ही नारू पाहिला आहे का? मी नाही पाहिला. पण माझ्या आजीने पाहिला आहे. तिच्या माहेरी पायऱ्यांची विहीर होती. सगळे लोक पाण्यात उतरून घागर भरत. आजी सांगते, "माह्या काकाच्या पायातून सुतासारखा नारू निघे. काडीले गुंडाळून रोज थोडा थोडा काढा लागे. मधातच तुटला त पाय सुजे. वावरात जाता ये नाही."

नारू हा एक कृमी आहे. मादी सुमारे ३ फूट लांब असते. ती पायाला फोड आणून बाहेर येते. फोडाची आग होते म्हणून माणूस पाण्यात पाय घालतो. तेव्हा नारूची हजारो पिल्ले पाण्यात पडतात. पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव ती खातो. असे पाणी न गाळता प्यालो की साधारण १ वर्षाने आपल्या पायातून नारू निघतो.

या रोगावर लस नव्हती आणि औषधही नव्हते. मग तो कसा गेला? भारतात १९८३-८४ साली नारू निर्मूलनाचे काम सुरू झाले. कर्मचारी गावोगावी रोगी शोधत. लोक पाणी फडक्याने गाळू लागले. विहिरींना कठडे बांधले, हातपंप बसवले. १९९६ साली राजस्थानात शेवटचा रोगी सापडला. तरी शोध चालूच ठेवला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला.

आता आपल्या चांदूर रेल्वे तालुक्यात नारू नाही. पण मागच्या पावसाळ्यात माझ्या लहान बहिणीला मुरडा झाला. डॉक्टर म्हणाले, पोटात अमिबा आहे. आमच्या नळाचा पाइप नालीतून जातो आणि त्याला चिंधी बांधली आहे. नळ बंद झाला की नालीची घाण फुटक्या पाइपात शिरते.

बाईंनी आम्हाला ओटी टेस्ट दाखवली. नळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले. पाणी पिवळे झाले, म्हणजे त्यात टीसीएल पावडरचा क्लोरीन आहे. पिवळे नाही झाले तर लगेच ग्रामपंचायतीत सांगावे. पण अमिबाचे कोष क्लोरीनने सहज मरत नाहीत. म्हणून पावसाळ्यात पाणी गाळून, उकळून प्यावे.

पालकहो, आज घरी जाताना आपापल्या नळाचा पाइप पाहा. चिंधी असेल तर पाइप दुरुस्त करा. एवढा मोठा नारू लोकांनी फडक्याने घालवला. मग आपल्याला एक पाइप का नाही जमणार?

— इयत्ता ४ थी