जुनी गाडी : दुरुस्ती की निरोप?

मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तरी सकाळी पेढीचा माल आणि सायंकाळी आजी-आजोबांना मंदिरात नेणारी ही गाडी अनेक दारांत उभी आहे. नोंदणीची १५ वर्षे भरली, की ५ वर्षांच्या नूतनीकरणापूर्वी घरात वाद रंगतो.

गाडी पेढीच्या नावावर असल्यास व्यवसायापुरता दुरुस्तीखर्च त्याच वर्षी वजा होतो. नव्या गाडीवर घसारा साधारणतः १५ टक्केच. गतवर्षी इंजिनावर घातलेली रक्कम मात्र हिशेबात धरू नये; ती गेली. पुढील तीन वर्षांची दुरुस्ती एकीकडे, नव्या गाडीचे व्याज व घट दुसरीकडे, एवढीच तुलना खरी. बहुधा दुरुस्तीच स्वस्त ठरते.

क्लच, ब्रेक बदलता येतात. तळाचा पत्राच गंजला असेल, तर वही मिटावी. मागच्या आसनावर नातवंडे बसतात.