मलकीसदेक : वंशावळ नसलेला याजक-राजा

धाराशिवचे संमेलन आणि एक पद

१० ते १२ जानेवारी २०२० या तीन दिवसांत धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद येथे ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलननगरीला तेरच्या संत गोरोबाकाकांचे नाव होते आणि अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ख्रिस्ती धर्मगुरूने हे पद भूषवण्याची ती पहिलीच वेळ. निवडीची चर्चा पुष्कळ झाली. पण ‘धर्मगुरू’ या पदामागे ख्रिस्ती परंपरेत कोणती कल्पना आहे, हा प्रश्न त्या चर्चेइतकाच महत्त्वाचा आहे. कॅथलिक धर्मगुरूचे पद जन्माने मिळत नाही आणि मुलाकडेही जात नाही. या पदाचा शास्त्रातील मूळ नमुना म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, त्या मलकीसदेकाचाही ना पिता सांगितलेला आहे, ना पुत्र. ‘सुबोध बायबल’ हा दिब्रिटो यांचा साहित्य अकादमीने गौरवलेला अनुवाद. बायबलच्या त्या प्रचंड विस्तारात मलकीसदेकाच्या वाट्याला येतात त्या मोजक्याच ओळी.

तीन वचनांची कथा

उत्पत्तीच्या पुस्तकातील चौदावा अध्याय युद्धाचा आहे. एलामचा राजा कदार्लागोमर आणि त्याचे मित्रराजे सदोम लुटतात; त्या लुटीत अब्रामाचा, म्हणजे पुढच्या अब्राहामाचा, पुतण्या लोट कैद होतो. अब्राम आपली ३१८ माणसे घेऊन पाठलाग करतो, रात्री छापा घालतो आणि लोटासह सर्व लूट परत आणतो. परतीच्या वाटेवर सदोमचा राजा त्याला सामोरा येतो. त्याच वेळी, कसलीही प्रस्तावना नसताना, शालेमाचा राजा मलकीसदेक भाकर आणि द्राक्षारस घेऊन पुढे येतो. तो परात्पर देवाचा याजक आहे, एवढीच त्याची ओळख. तो अब्रामाला आशीर्वाद देतो, अब्राम त्याला सगळ्याचा दशमांश देतो आणि मलकीसदेक कथेतून नाहीसा होतो. पुन्हा सदोमचा राजा बोलू लागतो. लूट ठेवून घे म्हणतो आणि अब्राम त्याच्याकडून सुताचा धागा किंवा वहाणेचा बंदही घ्यायला नकार देतो.

ही तीन वचने (१८ ते २०) काढून टाकली तरी कथेचा ओघ तुटत नाही. म्हणून ती मागाहून जोडली गेली असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. जोड असली तरी ती विचारपूर्वक घातलेली आहे. एका राजाकडून अब्राम काहीच स्वीकारत नाही. दुसऱ्याकडून आशीर्वाद स्वीकारतो आणि वर त्याला आपल्या हाताने देतो.

नाव, नगर आणि देव

हिब्रू भाषेत ‘मेलेख’ म्हणजे राजा आणि ‘सेदेक’ म्हणजे नीतिमत्त्व किंवा न्याय. यहोशवाच्या पुस्तकात यरुशलेमेच्या एका राजाचे नाव अदोनीसदेक आहे, म्हणजे या धाटणीची नावे त्या नगरात रूढ असावीत. शालेम हे यरुशलेमेचेच नाव मानले जाते. स्तोत्र ७६ मध्ये शालेम आणि सियोन, म्हणजे यरुशलेमेची टेकडी, यांचा उल्लेख एकत्र येतो. इजिप्तमधील अमार्ना येथे सापडलेल्या इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातील पत्रांत हे नगर ‘उरुसलीम’ या नावाने भेटते. ज्या देवाचा मलकीसदेक याजक आहे, तो ‘एल एल्योन’, म्हणजे परात्पर देव. ‘एल’ हे कनानी लोकांच्या प्रमुख देवाचे नाव होते आणि हिब्रूतही देवासाठी हा शब्द चालत असे. अब्राम लगेच पुढच्या वचनांत आपल्या देवाला हेच विशेषण लावतो. इस्राएल नावाचे राष्ट्र जन्मण्याआधी, त्या कुळाबाहेरचा एक याजक त्या कुळाच्या मूळपुरुषाला आशीर्वाद देतो, ही या कथेतील सर्वांत धीट गोष्ट आहे.

दोन पदे, दोन कुळे

पुढे इस्राएलात याजकपद लेवी वंशातील अहरोनाच्या घराण्याकडे आणि राजपद यहूदा वंशातील दावीदाच्या घराण्याकडे राहिले. ही विभागणी मराठी समाजाला अपरिचित नाही. तुळजापूरला भवानीच्या सेवेचे हक्क भोपे, पाळीकर आणि उपाध्ये यांच्या घराण्यांत वंशपरंपरेने चालत आले आहेत. छत्रपतींचे घराणे देवीचे निस्सीम भक्त, तरी पूजेचा हक्क पुजारी घराण्यांबाहेर जात नाही. रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हाही सिंहासनावर बसणारा एक आणि मंत्र म्हणणारे गागाभट्ट दुसरे. राजाने तलवार धरावी, पुरोहिताने विधी करावा आणि दोघांनी एकमेकांना मान द्यावा, ही ती रचना.

इस्राएलात ही मर्यादा ओलांडल्याची सर्वांत ठसठशीत कथा उज्जीया राजाची आहे. दुसऱ्या इतिहासाच्या पुस्तकाप्रमाणे तो स्वतः धूप जाळण्यासाठी मंदिरात शिरला, याजकांनी त्याला अडवले आणि त्याच्या कपाळावर कोड उठले. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला. कुळाचा पुरावाही कसोशीने तपासला जाई. बाबेलच्या बंदिवासातून परतल्यावर ज्या याजक घराण्यांना वंशावळीच्या नोंदी सापडल्या नाहीत, त्यांना याजकपदावरून दूर ठेवल्याचे एज्राच्या पुस्तकात आहे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळीत आपल्या आजोबा-पणजोबांची नावे शोधणाऱ्या कुटुंबांना अशा नोंदीचे वजन सहज उमगावे. वंशावळ नसलेला याजक म्हणजे या व्यवस्थेत याजकच नव्हे. मलकीसदेकाचे कोडे नेमके येथे सुरू होते.

स्तोत्र ११०

उत्पत्तीनंतर हे नाव जुन्या करारात एकदाच येते. स्तोत्र ११० हे राजाला उद्देशून आहे. शत्रूंवर विजयाची ग्वाही देता देता चौथ्या वचनात देव शपथपूर्वक त्या राजाला मलकीसदेकाच्या रीतीने सर्वकाळचा याजक ठरवतो. म्हणजे जी दोन पदे नियमाने वेगळी ठेवली होती, ती येथे एका माणसात एकत्र येतात. यरुशलेम हे दावीदाने जिंकलेले नगर. त्याच्या गादीवर बसणाऱ्याला तेथील प्राचीन याजक-राजांचा वारसा मिळतो, असा या वचनाचा मूळ राजकीय अर्थ असू शकतो. दावीदाने स्वतः एफोद हे याजकी वस्त्र नेसून यज्ञ अर्पण केल्याची नोंद शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे, तेव्हा विभागणी सुरुवातीपासून इतकी काटेकोर नसावी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हस्मोनी घराण्याने प्रमुख याजकपद आणि सत्ता एका हाती घेतली, पुढे राजा ही पदवीही घेतली. ते अहरोनाच्या वंशाचे होते, पण दावीदाच्या नव्हे, आणि त्यावरून त्यांना विरोध झाला. पदे एकत्र आणणे सत्तेच्या बळावर शक्य होते. त्याला मान्यता मिळवणे अवघड होते.

‘संप्रदाय’ हा मराठी शब्द

स्तोत्राच्या या चौथ्या वचनातील हिब्रू शब्दाचा अर्थ ‘रीतीने’ किंवा ‘च्या कारणाने’ असा दोन्हींकडे झुकतो. ग्रीक भाषांतरकारांनी ‘ताक्सिस’, म्हणजे क्रम, श्रेणी, हा शब्द घेतला. प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात येथे ‘संप्रदाय’ आहे. ही निवड विचार करण्यासारखी आहे. वारकरी मुलखात संप्रदाय जन्मावर अवलंबून नसतो. तो गुरूकडून शिष्याकडे जातो. तेरचे गोरोबाकाका मडकी घडवणारे कुंभार. पण संतमेळ्यात कोणाचे मडके कच्चे आणि कोणाचे पक्के हे थापटण्याने ठरवण्याचा अधिकार कथेने त्यांना दिला, तोही नामदेवांसारख्यांच्या बाबतीत. अधिकार कुळाबाहेरून येऊ शकतो, ही कल्पना ‘संप्रदाय’ या शब्दाने मराठी कानाला चटकन पोहोचते. एका ठिकाणी मात्र हा शब्द अपुरा पडतो. संप्रदायात शिष्यपरंपरा असते. मलकीसदेकाच्या संप्रदायात, ख्रिस्ती वाचनानुसार, दोनच नावे आहेत.

इब्री लोकांस पत्र : मौनाचा अर्थ

दुसरे नाव येशूचे. पहिल्या शतकातील ख्रिस्ती समुदायापुढे एक खरीखुरी अडचण होती. येशूने स्वतःचे बलिदान दिले, म्हणून तो प्रमुख याजक आहे, असे सांगायचे. पण तो यहूदा वंशातला, आणि त्या वंशाला याजकपण नाही. नव्या करारातील इब्री लोकांस पत्राचा लेखक ही अडचण लपवत नाही, सातव्या अध्यायात उघड मांडतो. मग उत्तर देतो की याजकपणाचे दोन प्रकार आहेत, आणि लेवीच्या आधीचा प्रकार श्रेष्ठ आहे.

त्याचा युक्तिवाद वकिलाच्या बारकाईने चालतो. मलकीसदेक या नावाचा अर्थ नीतिमत्त्वाचा राजा, आणि शालेमचा राजा म्हणजे शांतीचा राजा. आशीर्वाद देणारा आशीर्वाद घेणाऱ्याहून मोठा असतो. म्हणून मलकीसदेक अब्राहामाहून मोठा. लेवी तेव्हा अब्राहामाच्या देहात अजून न जन्मलेला होता. म्हणून पुढे दशमांश घेणाऱ्या लेवीनेही जणू मलकीसदेकाला दशमांश दिला. सगळ्यांत विलक्षण मुद्दा मात्र मौनाचा आहे. उत्पत्तीचे पुस्तक वंशावळींनी भरलेले असताना मलकीसदेकाचे मातापिता, जन्म, मृत्यू यांबद्दल काहीच सांगत नाही. पत्राचा लेखक या गाळलेल्या जागेतच अर्थ वाचतो: ज्याचा आरंभ-शेवट लिहिलेला नाही, तो देवपुत्राचे चित्र ठरतो. मलकीसदेकाला खरोखरच आईबाप नव्हते, असे यातून सिद्ध होत नाही. शास्त्रात जे लिहिलेले नाही, त्यालाही वजन देण्याची ही तत्कालीन यहुदी व्याख्यानपद्धती होती. एज्राच्या काळी जी उणीव याजकाला अपात्र ठरवत होती, तीच येथे पात्रतेची खूण होते. पत्राच्या सगळ्या मांडणीत हा उलटफेर सर्वांत प्रभावी आहे.

लेवी याजक मरत, म्हणून ते पुष्कळ असावे लागत. येशूचे याजकपण मृत्यूने खंडित होत नाही, म्हणून त्याला उत्तराधिकारी लागत नाही. संप्रदायात दोनच नावे असण्याचे कारण हे.

इतर वाचने

मलकीसदेकाचे कुतूहल केवळ ख्रिस्ती नव्हते. मृत समुद्राजवळील कुमरान येथे १९५६ मध्ये उघडलेल्या अकराव्या गुहेत एका हस्तलिखिताचे तुकडे मिळाले. त्यात मलकीसदेक स्वर्गीय न्यायाधीश आहे, तो बंदिवानांना मुक्त करतो आणि दुष्टशक्ती बलियालाचा न्याय करतो. यहुदी तत्त्ववेत्ता फिलोने त्याच्यात दैवी शब्दाचे रूपक पाहिले. इतिहासकार योसेफसने त्याला साधा कनानी अधिपती आणि यरुशलेमेतील मंदिराचा पहिला बांधणारा मानले. रब्बींच्या परंपरेत तो नोहाचा मुलगा शेम ठरतो. म्हणजे वंशावळीची रिकामी जागा तेथे भरून काढली गेली.

भाकर आणि द्राक्षारस

इब्री पत्र भाकर आणि द्राक्षारसाबद्दल एक शब्दही काढत नाही. तो धागा तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने ठळकपणे पकडला: मलकीसदेकाने जे आणले तेच येशूने शेवटच्या भोजनात घेतले. इटलीतील राव्हेन्ना येथे सहाव्या शतकातील सान व्हिताले चर्चच्या कुट्टिमचित्रात एकाच वेदीच्या दोन बाजूंना हाबेल आणि मलकीसदेक उभे आहेत. रोमी मिस्साच्या प्राचीन प्रार्थनेत हाबेल, अब्राहाम आणि मलकीसदेक यांच्या अर्पणांचा एकत्र उल्लेख आजही होतो. कॅथलिक धर्मगुरू दीक्षेनंतर येशूच्या त्या एकाच याजकपणात सहभागी होतो, अशी ही धारणा आहे. तो नवा, स्वतंत्र याजक नसतो.

प्रॉटेस्टंट परंपरेने याच पत्रातून उलट निष्कर्ष काढला. ल्यूथरच्या मते मलकीसदेकाने भाकर अर्पण केली नाही, थकलेल्या सैनिकांना खाऊ घातली. येशू एकमेव याजक असेल, तर मंडळीत दुसऱ्या याजकाचे काम उरत नाही. मराठी ख्रिस्ती समाजात हा फरक रोजच्या भाषेत उतरला आहे: कॅथलिक ‘धर्मगुरू’ आणि ‘मिस्सा’ म्हणतात, प्रॉटेस्टंट ‘पाळक’ आणि ‘प्रभुभोजन’.

मर्यादा

मलकीसदेक ऐतिहासिक व्यक्ती होता की नाही, हे ठरवणारा कोणताही समकालीन शिलालेख किंवा दस्तऐवज हाती आलेला नाही. त्याचे नाव बायबलच्या तीनच पुस्तकांत येते. चारही शुभवर्तमानांत ते एकदाही नाही. येशूने स्तोत्र ११० चे पहिले वचन उद्धृत केल्याचे तेथे लिहिले आहे, पण चौथे नव्हे. बायबलमध्ये येशूला मलकीसदेकाशी जोडणारा लेखक एकच, इब्री पत्राचा. परंपरेने ते पत्र पौलाचे मानले. परंतु पत्रात लेखकाचे नाव नाही, आणि ते कोणी लिहिले हे देवच जाणे, असा अभिप्राय ख्रिस्ती विचारवंत ओरिजेनने तिसऱ्या शतकात दिला होता. त्या लेखकाचे नाव, गाव आणि कुळ आजही अज्ञात आहे.